शिकारीचा परवाना आणि उसांतला बिबट्या

१९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्यानें शिकार बंद केली नाहीं. परवाना आणि मोसम यांची वेसण तिला घातली. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानें खात्याचें काम पालटूं लागलें, आणि १९९१ च्या दुरुस्तीनंतर शिकारीचे परवाने संपले.

खात्याची मांडणी मात्र जंगलासाठीं आंखलेली राहिली : उपवनसंरक्षक, त्याच्या हाताखालीं वनक्षेत्रपाल, वनपाल व शेवटीं वनरक्षक. शिरूर जुन्नर वनविभागांत, दौंड पुणे विभागांत. बिबट्यास ही वांटणी कोठून ठाऊक असणार? त्याची मादी घोड-भीमाकांठच्या उसांतच विते. त्यास पकडण्याच्या परवानगीचा अधिकार कायद्यानें मुख्य वन्यजीव रक्षकाचा, कचेरी नागपुरास. गांवकऱ्यांचा रोष मात्र रात्रीं बांधावर उभ्या असलेल्या वनरक्षकाच्या वांट्यास येतो.