रेडिएटरमधील हवेची दिशा (जलशीतित संगणक)

जलशीतित संगणकात प्रोसेसरची उष्णता पंपाने फिरवलेल्या द्रवामार्फत रेडिएटरकडे नेतात व तेथे पंख्याच्या हवेने बाहेर काढतात. द्रव चपट्या नळ्यांतून वाहतो, तर हवा नळ्यांमधल्या पातळ धातूच्या पट्ट्यांतून जाते. त्यासाठी १२० किंवा १४० मिमी. पंखे वापरतात, २४० मिमी. रेडिएटरवर १२० मिमी.चे दोन पंखे बसतात.

रेडिएटर आणि हवा यांच्या तापमानांत जितका फरक जास्त, तितकी उष्णता लवकर निघते. म्हणून पुढच्या बाजूस रेडिएटर बसवून खोलीतील हवा आत ओढल्यास प्रोसेसर अधिक थंड राहतो. मात्र तापलेली हवा कॅबिनेटमध्ये शिरून ग्राफिक्स कार्डाचे तापमान वाढवते. छताच्या रेडिएटरमधून हवा बाहेर टाकल्यास उलट घडते : ग्राफिक्स कार्डाला फायदा होतो, पण रेडिएटरला आतली कोमट हवा मिळते. खेळांसाठीच्या संगणकात ग्राफिक्स कार्डच जास्त उष्णता सोडत असल्याने ही दुसरी रचना अनेकदा सोयीची ठरते.

पंख्याच्या ज्या बाजूस मोटर धरणाऱ्या आडव्या दांड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पंखा रेडिएटरवर हवा ढकलतो की त्यातून ओढतो, याने फारसा फरक पडत नाही. ओढणाऱ्या रचनेत पट्ट्यांवरची धूळ साफ करणे सोपे जाते. कोणत्याही रचनेत रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे हवेचे बुडबुडे पंपात अडकत नाहीत.