युद्धकाळातील मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले

सर रॉजर लम्ले १९३७ साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले, तेव्हा बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ नुकतेच अधिकारारूढ झाले होते. अर्थखाते दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचे धुरीण अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होते. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी अमलात आली. अबकारी उत्पन्नाची तूट भरून काढण्यासाठी लठ्ठे यांनी शहरी मालमत्तेवर कर बसविला होता. पुढच्याच महिन्यात महायुद्ध पेटले. लोकप्रतिनिधींना न विचारता हिंदुस्थानला युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि १९३५ च्या कायद्याच्या ९३ व्या कलमान्वये इलाख्याची सारी सत्ता लम्ले यांच्या हाती एकवटली.

ही सत्ता किती परतंत्र होती, हे पुढे दिसले. ९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे मुंबईत गांधीजींना अटक होऊन पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले. १० फेब्रुवारी १९४३ पासून तेथेच त्यांनी एकवीस दिवसांचा उपवास केला. तपश्चर्येचे मोल जाणणाऱ्या आपल्या समाजाला त्या दिवसांची व्याकुळता निराळी सांगावयास नको. पॅलेस लम्ले यांच्या इलाख्यात; सुटकेचा निर्णय मात्र दिल्लीत व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या हाती, आणि त्यांनी ती नाकारली. मार्चमध्ये लम्ले निवृत्त होऊन मायदेशी परतले. गांधीजींची सुटका मे १९४४ मध्ये झाली.