खजुराची बाग कोणाची?

एकादशीच्या फराळात खजूर असतो आणि देवीच्या ओटीत हळकुंड, सुपारी, बदाम यांच्या जोडीला खारीक असते. हे दोन्ही जिन्नस आपल्या देवघरात इतके मुरले आहेत की, ते परमुलखातून येतात याची आठवणही आपणांस होत नाही. मुंबईच्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या ‘बसऱ्याचा खजूर’ हे नाव रूढ होते. इराकच्या दक्षिण टोकाशी असलेल्या त्या बसऱ्याच्या बागांतून मालक व बागवान यांच्यामध्ये जमिनीचा जो वाद दीर्घ काळ चालला, त्याची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगितलेली नाही. वादाचा प्रश्न थोडक्यात असा: जमीन एकाची आणि झाड दुसऱ्याने लावून वाढविलेले, तर बाग कोणाची?

हा प्रश्न भाताच्या किंवा गव्हाच्या शेतात इतक्या तीव्रतेने उद्भवत नाही. तेथे पेरणी व कापणी एकाच वर्षात आटोपते. कुळाने हंगाम संपताच जमीन सोडली तरी त्याची मेहनत त्याने बहुतांशी घरी नेलेली असते. खजुरीचे तसे नाही. टायग्रिस व युफ्रेटिस या नद्या कुर्ना येथे एकत्र येतात आणि शत्‌-अल्‌-अरब या नावाने समुद्राकडे जातात. समुद्राला भरती आली की, नदीचे गोडे पाणी मागे सरून वर चढते आणि काठच्या चरांतून बागांत शिरते. ओहोटीबरोबर ते उतरते. दिवसातून दोन वेळा निसर्ग स्वतःच शिंपण करतो. परंतु ते चर खणणे, दरवर्षी त्यांतील गाळ उपसणे आणि बांध राखणे, हे काम माणसाचे. मातृवृक्षाच्या बुंध्याशी आलेले फुटवे काढून लावावे लागतात. वसंतात नरझाडाचा मोहोर घेऊन प्रत्येक मादीझाडावर चढावे लागते, कारण हाताने परागसिंचन केल्यावाचून भरघोस फळ धरत नाही. शरदात पुन्हा चढून घड उतरावयाचे. असे पाच-सात वर्षे केल्यावर झाड चांगले फळू लागते, आणि एकदा फळू लागले की, लावणाऱ्याच्या नातवापर्यंत फळते. अशा बागेतून बागवानाला बाहेर काढले तर त्याने आपली मेहनत बरोबर कशी न्यावी?

यावर त्या मुलखाच्या रूढीने एक तोडगा काढला होता. त्याला अरबीत ‘मुघारसा’ म्हणतात. मालकाने मोकळी जमीन द्यावी; बागवानाने चर खणावेत, रोपे लावावीत, ती जगवावीत; आणि झाडे फळू लागली म्हणजे त्यांतील ठरलेला हिस्सा, पुष्कळदा अर्धा, बागवानाचा व्हावा. हा हिस्सा केवळ फळांत नव्हे, तर प्रत्यक्ष झाडांत असे. केवळ निगा राखण्याबद्दल फळांत वाटा घेण्याचा करार वेगळा; त्याला ‘मुसाकात’ म्हणत. पहिल्यात बागवान सहमालक होतो, दुसऱ्यात तो वाटेकरी राहतो. हा भेद वरवर बारीक वाटला तरी बसऱ्याच्या निम्म्याअधिक तंट्यांचे मूळ येथेच शोधावे लागेल. करार बहुधा तोंडी असे. तंटा उपस्थित झाला की मालक म्हणे, हा मुसाकातीचा वाटेकरी. आणि बागवान म्हणे, ही झाडे माझ्या बापाने लावली.

मुसलमानी धर्मशास्त्रातही याविषयी एकमत नव्हते. इसवी सन 628 मध्ये खैबर जिंकल्यावर तेथील यहुदी बागवानांना निम्म्या उत्पन्नाच्या अटीवर खजुरीच्या बागांत राहू दिले गेले, हा दाखला सर्वांस मान्य. तरीही इमाम अबू हनीफा यांनी अशा वाटणीचे करार असिद्ध मानले. जे फळ अजून धरलेलेच नाही त्याचा भाग मजुरी म्हणून कसा ठरवावा, हा त्यांचा आक्षेप. त्यांचेच शिष्य अबू युसूफ व मुहम्मद यांनी मात्र लोकव्यवहाराची गरज ओळखून ते करार ग्राह्य धरले, आणि पुढे शिष्यांचेच मत चालले. गुरूच्या तर्कापेक्षा शिष्यांनी जाणलेली लोकांची नड श्रेष्ठ ठरावी, हे आपल्या मीमांसकांना व निबंधकारांनाही परके वाटणार नाही.

रूढी व शास्त्र यांच्या या समझोत्यात एकोणिसाव्या शतकात तिसरा पक्ष शिरला; तो म्हणजे सरकारी कागद. उस्मानी सरकारने 1858 मध्ये जमिनीचा कायदा केला. त्यान्वये बहुतेक लागवडीच्या जमिनीचे मूळ स्वामित्व राज्याचे. धारकाला मिळे तो वहिवाटीचा हक्क, आणि त्याची सनद म्हणजे ‘तापू’. मात्र त्याच जमिनीवरील झाडे कोणाची खाजगी मिळकत असू शकत. म्हणजे भूमी सरकारची, वहिवाट एकाची आणि वृक्ष दुसऱ्याचा, असे तीन थर एकाच बिघ्यावर चढले. मिधत पाशा 1869 ते 1872 या काळात बगदादचा सुभेदार होता. त्याने इराकात तापू वाटण्यास आरंभ केला. हेतू असा की, टोळ्यांनी स्थिर व्हावे व कसणाराला मालकीची गोडी लागावी. घडले ते उलट. सामान्य शेतकऱ्याला नोंदीची भीती वाटे. नोंद म्हणजे कर आणि सक्तीची लष्करभरती, अशी त्याची समजूत. तो कचेरीकडे फिरकला नाही. फिरकले ते शेख, सावकार आणि शहरांतील प्रतिष्ठित. युफ्रेटिसच्या खालच्या खोऱ्यातील मुन्तफिक प्रदेशात सादून घराण्याने विस्तीर्ण जमिनी आपल्या नावे करून घेतल्या. ज्या टोळ्या कालपर्यंत त्यांना आपले नायक मानीत, त्या आज त्यांची कुळे ठरल्या. टोळ्यांनी हे कधीही मनापासून मानले नाही. खंड द्यावयाचा की नाही, या एका प्रश्नावर तेथे पुढे अनेक दशके धुमसत राहिली.

या इतिहासाला मराठी माणसाचाही पाय लागलेला आहे. पहिल्या महायुद्धाच्या आरंभी कुवेतचे शेख मुबारक यांच्या मालकीच्या मोठ्या बागा शत्‌-अल्‌-अरबच्या काठी होत्या. 3 नोव्हेंबर 1914 रोजी ब्रिटिशांनी त्यांना लेखी वचन दिले की, तुर्कांविरुद्ध साहाय्य केल्यास फाव ते कुर्ना या टापूतील त्यांच्या बागा त्यांच्याकडे व वंशजांकडे करमुक्त राहतील. त्यानंतर तीनच दिवसांनी, 6 नोव्हेंबरला, फाव काबीज झाले. त्या स्वारीवर गेलेल्या पुणे डिव्हिजनच्या आघाडीच्या ब्रिगेडीत 117 वी मराठा पलटण होती. त्याच महिन्यात बसरा पडले. ज्यांचे वंशज आज बेळगावच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्राचा अभिमान बाळगतात, ते कोकण-देशावरचे शिपाई या बागांच्या चरांतून चिखल तुडवीत गेले. स्वतः त्यांतील कित्येकजण कोणाची ना कोणाची कुळे असतील. आपण कोणाच्या बागांचे भवितव्य ठरवीत आहो, हे त्यांना कोणी सांगितले नसणार.

ते वचन पुढे ब्रिटिशांच्या गळ्यात अडकले. 1932 मध्ये इराक स्वतंत्र झाला. परक्या साम्राज्याने आपल्या भूमीवर दिलेली करमाफी स्वतंत्र राष्ट्राने का मानावी, हा इराकचा सवाल कायदेशीर दृष्ट्या निरुत्तर करणारा होता. शेखांच्या काही बागांच्या मूळ खरेदीवरही बसऱ्याच्या न्यायालयांत दावे लागले. लंडन, बगदाद व कुवेत यांच्यामध्ये वर्षानुवर्षे कागदी घोडे नाचले. त्या पत्रव्यवहारात मालक कोण आणि कर कोणी द्यावा, याची चर्चा विपुल होती. झाडांवर चढणाऱ्या माणसाचा हक्क मात्र त्यातला मुख्य प्रश्न कधीच झाला नाही.

नव्या राज्यानेही त्याची बाजू प्रारंभी घेतली नाही. सर अर्नेस्ट डाउसन यांच्या 1931 च्या अहवालावरून 1932 मध्ये जमाबंदीचे कायदे झाले. प्रत्यक्ष वहिवाट पाहून हक्क ठरवावा, हे त्यांतील तत्त्व चांगले; पण वहिवाट कोणाची, शेखाची की कसणाराची, हे ठरविताना पुष्कळ ठिकाणी शेखाचे पारडे जड झाले. 1933 च्या कायद्याने तर कहर केला: मालकाचे कर्ज फिटेपर्यंत शेतकऱ्याने जमीन सोडू नये, असे बंधन घातले. जो मालक नाही असे कागद सांगतो, तोच जमिनीला बांधला गेला!

न्यायाची पावले उशिरा पडली. इराकच्या 1951 च्या दिवाणी संहितेने मुघारसाला स्पष्ट मान्यता दिली. झाडे, किंवा झाडे व जमीन दोन्हीही, ठरल्या प्रमाणात दोघांची होऊ शकतात, हे रूढीचे तत्त्व लेखी कायद्यात आले. 1958 च्या क्रांतीनंतर त्याच वर्षीच्या जमीन सुधारणा कायद्याने ओलिताच्या जमिनीवर 1000 दुनुमांची, म्हणजे 250 हेक्टरांची, कमाल मर्यादा घातली. मोठे जमीनदार त्यामुळे हादरले. परंतु बागवानाचा प्रश्न क्षेत्राचा नसून झाडांतील वाट्याचा असल्यामुळे, केवळ कमाल मर्यादेने तो सुटण्यासारखा नव्हता. पुढे दैवाने वेगळाच निकाल दिला. 1980 ते 1988 च्या इराण-इराक युद्धात शत्‌-अल्‌-अरबच्या काठची लक्षावधी झाडे जळाली, आणि नंतर नदीचे पाणी खारट होत गेले. कित्येक ठिकाणी कागद शाबूत राहिला, बाग उरली नाही.

हे सर्व वाचून गोव्याच्या वाचकाला आपले माड आठवल्यावाचून राहणार नाहीत. आपल्याकडेही भाटकाराच्या भाटात मुंडकाराचे खोपटे असे. तो माडांची राखण करी, वेळप्रसंगी भाटकाराची कामे करी, आणि त्याचे राहणे भाटकाराच्या मर्जीवर असे. पोर्तुगीज अमलात झालेल्या नियमांनी ही मर्जी थोडीफार आवरली. खरे संरक्षण 1975 च्या मुंडकार कायद्याने दिले. 1964 चा कूळ कायदा व त्यावरील 1976 ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्या कुळाला मालकीचा मार्ग मोकळा केला. फरक मात्र ध्यानात घ्यावा. बसऱ्याच्या रूढीने बागवानाला झाडांत वाटा दिला, पण छपराची शाश्वती दिली नाही. आपल्या कायद्याने मुंडकाराला छप्पर व त्याभोवतीची जागा दिली, पण त्याच्या आज्याने शिंपून वाढविलेल्या माडांत वाटा दिला नाही.

जमीनदाराची बाजूही टाकाऊ नाही. त्याने कर भरला, दुष्काळात उसनवार दिली, आणि बागेच्या उत्पन्नावर कित्येक मंदिरांचे नंदादीप तेवत ठेवले. इराकात वक्फाच्या बागा होत्या तशा आपल्याकडे देवस्थानांच्या बागा आहेत. म्हणूनच हा प्रश्न मंदिराच्या महाजनांनी परका मानू नये. देवाच्या नावावरची बाग पुजाऱ्याच्या मंत्रांनी वाढत नाही. कोणीतरी तिला पाणी घातलेले असते. वकील या नात्याने मी महाजनांना एवढेच सुचवीन की, जे आजवर तोंडी चालत आले ते दोन्ही पक्ष समजुतीत असतानाच लिहून ठेवावे, आणि त्या लेखात बागवानाचा वाटा त्याच्या नावानिशी असावा. बसऱ्याला शेकडो घरे उद्ध्वस्त झाली ती दुष्टपणाने झाली त्याहून अधिक या एका न लिहिलेल्या ओळीमुळे झाली.