इंदापूर व बारामती परिसरातील वन्यजीव छायाचित्रण

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील इंदापूर व बारामती हे तालुके निसर्ग व वन्यजीव छायाचित्रणासाठी ओळखले जातात. ताडोबासारख्या राष्ट्रीय उद्यानात दाट जंगल, ठरलेले मार्ग आणि प्रवेशद्वारे असतात. या परिसरात राष्ट्रीय उद्यान नाही. येथील वन्यजीव जलाशयाच्या उथळ काठावर, गवताळ माळरानांवर व शेतांच्या बांधांवर वावरतात. त्यामुळे छायाचित्रकाराचे वर्तन हाच अनेक ठिकाणी त्यांच्या संरक्षणाचा महत्त्वाचा भाग ठरतो.

भौगोलिक पार्श्वभूमी
हा प्रदेश सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. कमी पावसामुळे येथे उघडी माळराने तयार झाली असून त्यांवर बाभळी व बोरी विरळ आढळतात. महसुली नोंदींत अशा जमिनी अनेकदा ‘पडीक’ गणल्या गेल्या. प्रत्यक्षात गवताळ प्रदेश ही स्वतंत्र परिसंस्था आहे. कालव्यांच्या पाण्यामुळे बराच भाग उसाखाली आला. नीरा नदीच्या खोऱ्यातील बावडा परिसरात हा बदल स्पष्ट दिसतो. सरसकट वृक्षलागवडीमुळेही माळरानांचे स्वरूप पालटते.

प्रमुख स्थळे
उजनी जलाशय : भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाणफुगवट्यावरील भिगवण, कुंभारगाव व डिकसळ ही गावे पक्षिनिरीक्षणासाठी प्रसिद्ध आहेत. रोहित (फ्लेमिंगो), चित्रबलाक, चमचा, राखी बगळा, पट्टकादंब, कुरव व कैकर हे पक्षी येथे दिसतात. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी बुडवून अन्न गाळून घेतो. त्यामुळे पाणी ओसरून दलदल उघडी पडली की त्याचे थवे येतात. स्थानिक मच्छीमार नावाडी व मार्गदर्शक म्हणून काम करतात. पाणी बरेच खाली गेल्यावर पळसदेव येथील बुडालेले प्राचीन मंदिर उघडे पडते व निसर्गदृश्याचा विषय बनते.

कडबनवाडी : इंदापूर तालुक्यातील या माळरानावर चिंकारा, लांडगा, खोकड, धाविक, पखुर्डी व चंडोल आढळतात. हिवाळ्यात भोवत्या पक्षी येतात. लांडग्यांचा वावर धनगरांच्या मेंढ्यांच्या कळपांभोवतीही असतो. वन विभागाने २०२४ मध्ये या परिसरात गवताळ प्रदेश सफारी सुरू केली.

मयूरेश्वर अभयारण्य : बारामती तालुक्यातील सुपे येथील हे अभयारण्य सुमारे ५ चौ. किमी क्षेत्राचे असून चिंकाऱ्यासाठी परिचित आहे.

नीरा नरसिंहपूर : बावड्याच्या परिसरातील हे तीर्थक्षेत्र नीरा व भीमा यांच्या संगमावर वसले आहे. संगम, घाट व मंदिर ही येथील निसर्गदृश्यांची मुख्य अंगे होत.

तंत्र
माळरानावर आडोसा नसल्याने प्राणी दुरूनच सावध होतात. म्हणून ४०० ते ६०० मिमी नाभीय अंतराची लेन्स वापरतात. दुपारी तापलेल्या जमिनीवरील हवेच्या लहरींमुळे दूरचे चित्र अस्पष्ट येते व महागडी लेन्सही हा दोष दूर करू शकत नाही. सकाळचे पहिले दोन तास व सूर्यास्तापूर्वीचा काळ त्यामुळे अधिक उपयुक्त ठरतो. लांडगा व चिंकारा यांचे रंग सुक्या गवतात मिसळतात. तिरप्या प्रकाशात त्यांची कड उठून दिसते. रोहिताचा पांढरा पिसारा अतिप्रकाशित होऊ नये यासाठी प्रकाशन थोडे कमी ठेवतात. होडीतून पाण्याच्या पातळीजवळून घेतलेल्या चित्रात पार्श्वभूमी मोकळी राहते. मात्र होडी हलत असल्याने शटरचा वेग जास्त लागतो. निसर्गदृश्यांसाठी रुंद कोनाची लेन्स व ट्रायपॉड वापरतात.

कायदा व आचारसंहिता
वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवानगी घ्यावी लागते. याच अधिनियमातील ‘शिकार’ या संज्ञेत प्राण्याचा पाठलाग करणे, त्याला हाकणे, आमिष दाखवणे, तसेच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे यांचाही समावेश होतो. शस्त्र हाती नसले तरी चिंकाऱ्यामागे वाहन पळवणारा छायाचित्रकार त्यामुळे कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो.

उड्डाणाचे चित्र मिळावे म्हणून होडी थव्यात घातल्यास रोहितांचा चरण्याचा वेळ वाया जातो आणि पाण्यावर धावत उडण्यात त्यांची शक्ती खर्च होते. लांडग्याच्या बिळाजवळ गर्दी झाल्यास मादी पिल्ले अन्यत्र हलवते. या स्थलांतरात पिल्लांचा जीव धोक्यात येतो. माळरानावर घरटी जमिनीवरच असल्याने रस्ता सोडून चालवलेले वाहन अंडी चिरडू शकते. म्हणून बिळे व घरट्यांची नेमकी ठिकाणे समाजमाध्यमांवर देऊ नयेत, वाहन ठरलेल्या वाटेवरच ठेवावे आणि प्राण्याने चरणे थांबवून मान वर केल्यास पुढे जाऊ नये, असे संकेत पाळले जातात.

महत्त्व
‘पडीक’ म्हणून नोंदलेल्या जमिनीवर लांडगा व चिंकारा राहतात हे छायाचित्रांमुळे सर्वसामान्यांपर्यंत पोहोचते. दिनांक व ठिकाणासह जपलेली चित्रे प्रजातींच्या नोंदींसाठी उपयोगी पडतात. पर्यटनामुळे मच्छीमार व ग्रामस्थांना उत्पन्न मिळते. तथापि हे उत्पन्न पक्षी व प्राणी तेथे टिकून राहण्यावरच अवलंबून आहे.