इजारा, कबजा आणि कोसळलेले घर

विसार दिला, साठेखत झाले. खरेदीखत पुढच्या महिन्यात होते, आणि त्याआधीच घर जळाले. नुकसान कोणाचे? भाड्याने घेतलेले घर पुरात कोसळले, तर भाडे द्यायचे का? आपल्याकडे करार बहुधा छापील कागदावर, न वाचताच होतात. म्हणून या प्रश्नांचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

इंग्लंडचा जुना कायदा दिलेल्या शब्दाला चिकटून होता. तिथल्या यादवी युद्धात प्रिन्स रूपर्टच्या सैन्याने एका कुळाला जमिनीवरून हुसकले. तरीही 1647 मध्ये न्यायालयाने त्याला खंड भरायला लावला. 1801 च्या पेन विरुद्ध मेलर खटल्यात करारानंतर, पण खरेदीखताआधी घरे जळाली होती. लॉर्ड एल्डन यांनी ते नुकसान खरेदीदाराचे ठरवले.

हनफी फिकहने वेगळी वाट धरली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. 'इजारा' हा शब्द दोन्हीकडे आहे. अरबीत त्याचे मूळ 'अज्र', म्हणजे मोबदला. फकीहांच्या मते इजारा ही वस्तूची नव्हे, तिच्या 'मनफअत'ची, उपयोगाची विक्री असते. आपला 'नफा' याच मूळ शब्दाच्या कुळातला. म्हणून 12व्या शतकातल्या 'हिदाया'त नियम येतो: घर उद्ध्वस्त झाले, शेताचे पाणी तुटले किंवा पाणचक्कीचा प्रवाह थांबला, तर इजारा संपतो. उपयोग नाही, तर भाडेही नाही. विक्रीत कसोटी 'कबजा'ची. खरेदीदाराला कबजा मिळण्याआधी विकलेली वस्तू नष्ट झाली, तर ती विकणाऱ्याची गेली.

1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा मुंबई इलाख्यात 1893 पासून लागू झाला. तो इंग्रजांनी केला, पण इंग्लंडचा हा नियम त्यात जसाच्या तसा आला नाही. कलम 54 प्रमाणे नुसत्या साठेखताने मालमत्तेत हक्क निर्माण होत नाही. कलम 55 प्रमाणे मालकी गेल्यावरच नुकसान खरेदीदाराकडे जाते. कलम 108 सांगते की आग, वादळ, पूर, सैन्याची किंवा जमावाची हिंसा यांमुळे जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर भाडेपट्टा रद्द ठरवण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. नुकसान त्याच्याच चुकीने झाले असेल, तर मात्र नाही.

हा पर्याय भाडेकरूचा आहे, मालकाचा नाही. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शहा रतनशी खिमजी खटल्यात स्पष्ट केले की इमारत पडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, कारण भाड्यात खालची जमीनही येते. पडक्या चाळींत राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

मात्र कलम 55 आणि 108 ही दोन्ही, 'उलट करार नसेल तर' या अटीवर चालतात. म्हणजे कायद्याने दिलेले संरक्षण छापील कागदावरच्या एका ओळीने जाऊ शकते. सही करण्याआधी ती ओळ शोधा.