दुव्यांचं मोल

१९९८ साली स्टॅनफर्डमध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी शोधनिकालांत पानांचा क्रम लावणारा पेजरँक मांडला: एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे मत. मतांना भाव आला, तसा त्यांचा बाजारही भरला. मी वेबसाइट बनवायला लागलो तेव्हा एकाच मालकाच्या अनेक साइट प्रत्येक पानाच्या तळाशी एकमेकींच्या लिंक देत. २००५मध्ये लिंकला लावायची ‘नोफॉलो’ ही खूण आली. लिंक राही, पण २०१९पर्यंत तिचं मत धरलं जात नसे. २४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने पेंग्विन हा क्रमवारीतला बदल आणला आणि असे बनावट गोतावळे निकालांत घसरले.

म्हणून गिऱ्हाइकांना मी आजही कळकळीने सांगतो: तुमच्या बियाण्यांच्या साइटवरून तुमच्याच ठिबकच्या साइटला लेखाच्या ओघात एक लिंक जरूर द्या, शेतकऱ्याला ती उपयोगी पडते. पानोपानी ‘स्वस्त ठिबक’ अशी लिंक मात्र चिकटवू नका.