टेस्ट ट्यूब बेबी उपचार : यश कशावर अवलंबून?

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या उपचाराने हर्षा चावडाचा जन्म झाला. हाच आयव्हीएफ उपचार आता बेळगाव-हुबळीतही होतो. मात्र दर वेळी यश येतेच असे नाही.

सर्वांत महत्त्वाचे स्त्रीचे वय. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या व गुणवत्ता घटते, चाळिशीनंतर झपाट्याने. दात्या स्त्रीचे बीज घेतल्यास तिचे वय धरावे लागते. दोष पुष्कळदा पुरुषात असतो, तरी आपल्याकडे आधी सुनेलाच तपासायला नेतात आणि त्यात मोलाची वर्षे जातात. वीर्यतपासणी सोपी आहे. ती सुरुवातीलाच करावी.

जननमार्गाचा क्षयरोग, पाणी भरलेल्या गर्भनलिका, थायरॉईड, मधुमेह, अतिवजन यांवर आधी उपचार हवेत. तंबाखू दोघांनीही सोडावी.

इंजेक्शने साधारण दहा-बारा दिवस चालतात, मध्ये सोनोग्राफी असते. जोयड्याहून घाटरस्त्याने ये-जा करण्यापेक्षा तेवढे दिवस शहरात पाहुण्यांकडे राहिलेले बरे. गर्भ सोडल्यावर मात्र दिवसेंदिवस पडून राहिल्याने यश वाढत नाही.

२०२१ च्या कायद्यानुसार केंद्राची नोंदणी सक्तीची आहे. वयोमर्यादा स्त्रीला ५०, पुरुषाला ५५ वर्षे. केंद्राला यशाचा आकडा विचारताना आपल्या वयोगटातल्या किती जणींना मूल झाले, हे विचारावे. नुसती चाचणी किती जणींची ‘पॉझिटिव्ह’ आली, हे नव्हे.